लीग स्पीडवे: आमची टीम आमची राहिली तर आम्ही येऊ

लेस्टरकर

मंडळी, इथे क्रिकेट, फुटबॉल, फॉर्म्युला वन सगळ्यावर धागे निघतात, स्पीडवेवर एकही नाही. म्हटलं आपणच काढू, चार जणांनी वाचला तरी पुरे.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ५०० सीसीची बाईक, एकच सिलिंडर, इंधन मिथेनॉल, गिअर एक आणि ब्रेक नाहीत. नाहीत म्हणजे नाहीतच. लंबगोल ट्रॅक, त्यावर शेल म्हणजे खडीचा बारीक भुगा, चार रायडर, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळायचं आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत बाईक तिरकी ठेवून जायचं. मिनिटभरात एक हीट संपते. पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. दोन टीमचे दोन-दोन जण, अशा १५ हीट, म्हणजे वाटायला एकूण ९० पॉइंट, त्यामुळे ४२-४२ असताना शेवटची हीट आली की माणूस नखं खातो.

मी २०१२ ला लेस्टरला आलो. ऑफिसातला एक जण बोमाँट पार्कला घेऊन गेला, ट्रॅक सुरू होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. पहिल्या हीटला रायडरांसमोरची स्टार्टची टेप वर उडाली, चार बाईक एकदम पहिल्या वळणात घुसल्या आणि माझ्या कोकवर बारीक खडीचा सडा पडला. वर तो मिथेनॉल आणि इंजिनातल्या जळक्या एरंडेलाचा वास. लहानपणी आई नाक दाबून एरंडेल पाजायची, इथे त्याचा वास घ्यायला मी तिकीट काढतो.

आता दुखणं. मी आल्यापासून डोळ्यांदेखत किती ट्रॅक गेले बघा. शेजारचं कॉव्हेंट्री, २०१६ नंतर तिथे शर्यत नाही. लेकसाइड २०१८. स्विंडन २०१९ ला शेवटचं. न्यूकॅसल २०२२ ला सीझनच्या मध्यातच बंद. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन दोन्ही २०२३ ला. स्टँडमधली मंडळी म्हणतात जागेचे भाव, हवामान, टीव्ही, हल्लीची पोरं. असेल. पण माझं मत वेगळं आहे: लोकांनी जीव लावावा अशी टीमच या लीगने ठेवली नाही.

कशी ते सांगतो. प्रत्येक रायडरचं अ‍ॅव्हरेज असतं, चार हीटमागे सरासरी किती पॉइंट ते. टीममधल्या सात जणांच्या अ‍ॅव्हरेजची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवावी लागते. हेतू चांगला, सगळ्या टीम सारख्या ताकदीच्या राहाव्यात. पण होतं काय, तुमची टीम जिंकली की सगळ्यांचं अ‍ॅव्हरेज वाढतं आणि पुढच्या वर्षी तीच टीम मर्यादेत बसत नाही. म्हणजे जिंकल्याची शिक्षा म्हणून टीम फोडायची! पोरीने ज्याच्या नावाचा स्कार्फ घेतला तो एप्रिलमध्ये समोरच्या पिटमध्ये. त्यात मुख्य रायडर जखमी झाला तर दुसऱ्या क्लबचा माणूस एका रात्रीपुरता पाहुणा म्हणून आणता येतो. गेल्या आठवड्यात ज्याला हुर्यो केली तो आज आमची जॅकेट घालून, आणि त्याला टाळ्या वाजवायच्या. वरून एकच रायडर प्रीमियरशिपमध्ये (वरची लीग) एका क्लबकडे आणि चॅम्पियनशिपमध्ये (तिच्या खालची) दुसऱ्याकडे, तेही नियमात बसतं.

तर प्रश्न असा की तुमच्या हातात लीग दिली तर पहिलं काय बदलाल? एकच सांगा, यादी नको, यादी प्रत्येक हिवाळ्यात प्रमोटर लोक (क्लब चालवणारे) करतातच.

भोचक_पक्षी

ब्रेक नाहीत म्हणजे?? थांबतात कसे?

लेस्टरकर

थ्रॉटल सोडून. आणि डाव्या बुटाखाली लोखंडी पट्टी असते, तो पाय वळणात जमिनीवर टेकवतात. उलट ब्रेक असता तर जास्त धोका, पुढच्याने मध्येच दाबला तर मागचा थेट अंगावर. ज्याला त्याला माहीत असतं की समोरचा थांबूच शकत नाही.

पेठेतला_पाहुणा

म्हणजे जत्रेतला मौत का कुआँ, फक्त आडवा केलेला. (हलकं घ्या.)

गंभीरपणे बोलायचं तर तुमचा मुद्दा मला पटला नाही. आपल्याकडे प्रो कबड्डी बघा. २०१४ च्या आधी कबड्डी म्हणजे गावची जत्रा नाहीतर शाळेचं मैदान. मग मॅट आली, ३० सेकंदांची रेड, डू ऑर डाय, दिवे, कॅमेरे, आणि आमच्या आजीला सुपर टॅकल म्हणजे काय ते कळायला लागलं. आता तिथे लिलाव होतो, टीम फुटतात, कालचा यू मुंबाचा आज पलटणकडे. तरी लोक बघतात ना? टीम फुटते म्हणून खेळ मरत नाही, दाखवता येत नाही म्हणून मरतो.

जानेवारी २०२४ ला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली तेव्हा मी गेलो होतो. बाईक उडताना बघायला पब्लिक होतं की, आणि त्यातल्या निम्म्यांना टीमची नावंही सांगता आली नसती.

लेस्टरकर

पाहुणे, एक फरक आहे. कबड्डी टीव्हीवर उभी आहे, घरी बसून बघणारा तिचा प्रेक्षक. स्पीडवे क्लब प्रामुख्याने गेटवरच्या तिकिटांवर जगतो. गुरुवारी संध्याकाळी थंडीत जॅकेट घालून गाडी काढणाऱ्या माणसावर जगतो, आणि तो माणूस "मनोरंजन" बघायला निघत नाही, आपल्या लोकांना बघायला निघतो. टीव्हीचा पैसा इथेही येऊन गेला. पूर्वी स्काय चॅनेलवर लीग दिसायची, बघणारे होतेही, पण मैदानात येणारे वाढले नाहीत, उलट घरी बसायची सवय लागली.

आणि लिलावाचं म्हणाल तर आयपीएलमध्येसुद्धा रिटेन्शन ठेवलंच ना? का ठेवलं? धोनी दर तीन वर्षांनी गाव बदलत राहिला असता तर चेन्नईत ती पिवळी जत्रा भरली असती का?

व्रोत्सवाफवासी

वा, स्पीडवेवर मराठी धागा! मी पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला, आयटीवाला (अजून कोण असणार). इथे हा खेळ मेलेला वगैरे अजिबात नाही. एक्स्त्रालिगाच्या (इथली सर्वात वरची लीग) मॅचला शहरात ट्रामभर लोक क्लबचे स्कार्फ घालून निघतात. लेश्नो, गोझूफ, झेलोना गूरा ही काही मोठी शहरं नाहीत, आपल्या सांगली-साताऱ्यासारखी समजा. तिथे फुटबॉलचा मोठा क्लब नाही, स्पीडवे हाच गावाचा मान. तोरुनमध्ये २००९ ला खास स्पीडवेसाठी पंधरा हजारांचं स्टेडियम बांधलं, छपरासकट.

मी सांगेन ती एक गोष्ट: ज्युनियर. इथे प्रत्येक टीममध्ये २१ वर्षांखालची दोन पोलिश पोरं लागतातच, आणि दुसरी हीट फक्त त्यांची. सुरुवातीला मला वाटायचं ही हीट म्हणजे भजी आणायची वेळ. आता कळतं की अख्खं स्टँड त्याच हीटला उभं राहतं, कारण ती पोरं गावातली असतात, कुणाचा भाचा, कुणाच्या शाळेतला. स्टार भाड्याचे असले तरी ज्युनियर घरचे. लेस्टरकर, तुम्ही म्हणता ते "आपली टीम" इथे असं साधलंय.

बाकी इथे सगळं सोनं आहे असं नाही. झ्मार्झलिकसारखा गोझूफचा पोरगा, सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन, तोसुद्धा २०२३ ला लुब्लिनला गेलाच. गोझूफमधला माझा कलीग अजून त्या विषयावर बोलत नाही.

गोर्टनची_वहिनी

मँचेस्टरवरून हजेरी 🙋 नवऱ्याला फुटबॉल, मला स्पीडवे, घरात शांतता.

@व्रोत्सवाफवासी, आमचा डॅन ब्यूली तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही! विकेंडला तुमच्या व्रोत्सवाफच्या स्पार्टासाठी, सोमवारी आमच्या मँचेस्टरच्या बेल व्ह्यूसाठी. तो विमानात झोपतो कधी हा आमच्या स्टँडमधला कायमचा विषय आहे.

पण भाऊ, तुम्ही सगळे टीम टीम करताय आणि मूळ सोडताय. जागा. लेस्टरकरांच्या यादीतले ट्रॅक आठवा. त्यातले किती क्लब स्वतःच्या जमिनीवर होते? इथले बहुतेक क्लब भाडेकरू, कुत्र्यांच्या शर्यतीच्या स्टेडियममध्ये नाहीतर शो ग्राउंडवर. मालकाला घरं बांधायची असली की संपलं. टीम कितीही प्रेमाची असू दे, कॉव्हेंट्रीवर काय लोकांचं प्रेम कमी होतं? १९२८ पासूनचा क्लब!

आमचं गोर्टनचं नॅशनल स्पीडवे स्टेडियम कौन्सिलने पुढाकार घेतला म्हणून २०१६ ला उभं राहिलं. उद्घाटनाच्या रात्रीच ट्रॅक खराब म्हणून शर्यती रद्द झाल्या, त्याच वर्षी चालवणारी कंपनी अडचणीत आली, पेपरात सगळं छापून आलंय. पण स्टेडियम उभं होतं म्हणून क्लब वाचला. दुसरे लोक आले आणि २०२२ आणि २०२४ ला लीग जिंकली. इंग्लंडच्या पोरांनी, म्हणजे ग्रेट ब्रिटनने म्हणा, २०२१ ला आणि २०२४ ला स्पीडवे ऑफ नेशन्स (देशादेशांच्या टीमची स्पर्धा) जिंकलं तेही आमच्याच इथे. २०२५ ला स्पीडवेची ब्रिटिश ग्रां प्रीसुद्धा कार्डिफवरून आमच्याकडे आली. भिंत असली की चित्र काढता येतं ना.

सासूबाईंना एकदा नेलं होतं. त्यांचा एकच प्रश्न, "एवढ्या जोरात जाऊन परत तिथेच येतात, मग जातात कशाला?"

पेठेतला_पाहुणा

सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार.

टीकाकार_नं_१

जाऊ दे की खेळ. विटी-दांडू गेला, आट्यापाट्या गेल्या. पब्लिकला नको तर कशाला सलाईन लावताय.

ब्लॅकबर्ड_रोडचे_काका

टीकाकारसाहेब, हा खेळ एकदा मेला होता आणि उठला होता, म्हणून बोलतो. टायपिंगच्या चुका समजून घ्या, बोटं आता ऐकत नाहीत.

मी ७३ साली लेस्टरला आलो, होजिअरी मिलमध्ये नोकरी. ब्लॅकबर्ड रोडला स्पीडवे होतं, मिलमधले गोरे जायचे, मला म्हणाले चल. रे विल्सन कॅप्टन. पुढे दहा वर्षं गेलो, ८३ ला स्टेडियम विकलं, आता तिथे घरं आहेत. अजून वळण कुठे होतं ते मी दाखवू शकतो.

आता मेला-उठला कसं ते. युद्धानंतर इथे प्रचंड गर्दी असे, वेम्बली लायन्स नावाची टीम चक्क वेम्बली स्टेडियमवर खेळायची. मग करमणूक कर लागला, घरोघर टीव्ही आले, पन्नाशीच्या दशकात ट्रॅक पटापट बंद पडले, शेवटी मोजके उरले. तेव्हा १९६० ला काही लोकांनी प्रोव्हिन्शियल लीग म्हणून स्वस्तातली लीग काढली. लहान गावं, बंद पडलेले ट्रॅक, नवखे रायडर आणि थोडे म्हातारे. मोठ्या लीगवाल्यांनी नाकं मुरडली. ६४ ला भांडण एवढं पेटलं की प्रोव्हिन्शियलवाले अधिकृत परवान्याशिवाय सीझन खेळले. मग लॉर्ड शॉक्रॉसची चौकशी समिती बसली आणि ६५ ला दोघांना एकत्र करून १८ टीमची ब्रिटिश लीग झाली. मी आलो तेव्हा पीक उभं होतं, पेरणी या लोकांची.

लेस्टरकर, तुमची एक चूक सुधारतो, राग नसावा. ताकद सारखी करायला रायडर इकडून तिकडे हलवायची कमिटी आमच्या वेळेपासूनच होती, त्यावर आम्हीही शिव्या घालायचो. पण एक रायडर एक क्लब, एवढं पक्कं होतं. ब्रिग्ज म्हटला की स्विंडन, पीटर कॉलिन्स म्हटला की बेल व्ह्यू. आणि गावाची रात्र ठरलेली. बेल व्ह्यू शनिवार, पूल बुधवार, इप्सविच गुरुवार. कॅलेंडर बघावं लागत नसे. मिसेसला माहीत असे की आज जेवायला उशीर.

लेस्टरकर

काका 🙏 चूक मान्य. आणि "एक रायडर एक क्लब" हे तुम्ही चार शब्दांत सांगितलंत, मी चार परिच्छेद घेतले.

इप्सविच_विच

मी एका ट्रॅकवर (नाव राहू दे) शनिवार-रविवार फुकट राबतो, शेल ओढणे, एअर फेन्स (हवा भरलेलं कुंपण) लावणे, पोरांना गेटवर पाणी देणे. आतून दिसतं ते लिहितो.

काकांची ठरलेली रात्र आता का नाही ते ऐका. चांगले रायडर पोलंडवर जगतात. तिकडे शुक्रवार-रविवार. मंगळवारी स्वीडन. शनिवारी ग्रां प्री असू शकते. उरलं काय? म्हणून २०२१ पासून प्रीमियरशिप सोमवार आणि गुरुवार, टीव्हीच्याही सोयीने. आता सोमवारी रात्री साडेसातला शाळेतलं पोर घेऊन कोण येणार, दुसऱ्या दिवशी शाळा. म्हणजे जगातले दहा-बारा स्टार आणायचे म्हणून आपण आठ-दहा वर्षांची पोरं घालवली, जी पुढे चाळीस वर्षं तिकीट काढणार होती. मला विचाराल तर त्या स्टारांना हात जोडून निरोप द्यावा आणि शनिवार परत घ्यावा.

दुसरं म्हणजे मधला वेळ. १५ हीट म्हणजे १५ मिनिटं शर्यत, आणि माणूस बसतो दोन तास. तीन-चार हीट झाल्या की ट्रॅक्टर फिरणार, पाणी मारणार. ते लागतंच, नाहीतर ट्रॅकला खड्डे पडून पोरं पडतात, त्यात काटछाट करा म्हणणाऱ्याला मी आधी पडलेलं पोर उचलायला पाठवीन. पण त्या वेळात पिट उघडा की! सायलेन्सर काढताना, चेन बदलताना, क्लच पुसताना बघायला मिळालं तर पोरं हलणार नाहीत. बऱ्याच ठिकाणी तेव्हा फक्त स्पीकरवर जुनी गाणी आणि स्थानिक टायरवाल्याची जाहिरात.

आणि रायडरचा खर्च. तो क्लबचा नोकर नाही, बाईक त्याची, मेकॅनिक त्याचा, व्हॅन त्याची. पैसे पॉइंटमागे. इंजिन ट्यूनरकडे पाठवायचं, ठरावीक हीट झाल्या की परत उघडायचं. १८ वर्षांच्या पोराने दोन इंजिनं उडवली की त्याचा बाप व्हॅन विकतो. सगळ्यांना एकच साधं, कमी आरपीएमचं इंजिन दिलं तर ४० यार्डांवरून प्रेक्षकाला ढिम्म फरक कळणार नाही.

व्रोत्सवाफवासी

शनिवारला +१. पण स्टार घालवले तर स्पॉन्सर राहतील? बेल व्ह्यूच्या वहिनींना विचारा ब्यूली नसलेल्या सोमवारी किती गर्दी असते.

गोर्टनची_वहिनी

आकडा माहीत नाही बाई, पण मी ब्यूलीसाठी जाते तेवढीच त्या रिझर्व्ह पोरासाठी जाते ज्याची आई माझ्या पुढच्या रांगेत बसून डोळे मिटून घेते. टेप उडाली की ती मला विचारते, "कुठे आहे?" आणि मी तिला सांगते तिसरा, दुसरा, अगं दुसरा! आता बोला, हे टीव्हीवर कसं दाखवणार.

पेठेतला_पाहुणा

बरं, मी थोडा सरकलो. मान्य की गेटवर चालणारा खेळ आणि टीव्हीवर चालणारा खेळ यांचं गणित वेगळं. पण मग लेस्टरकर, अ‍ॅव्हरेज काढून टाकलं तर श्रीमंत क्लब सगळे घेऊन जाईल, स्कोअर ६५-२५ लागेल, आणि तुम्हीच धागा काढाल की मजा गेली. उपाय सांगा ना.

लेस्टरकर

काढू नका, वाकवा. रायडर एकाच क्लबमध्ये दुसऱ्या वर्षी राहिला तर त्याच्या अ‍ॅव्हरेजमधून थोडं वजा, तिसऱ्या वर्षी अजून थोडं. क्लबने स्वतः ज्युनियरपासून तयार केलेला असेल तर अर्धंच मोजा. म्हणजे टीम टिकवणाऱ्याला बक्षीस आणि बाहेरून उचलणाऱ्याला पूर्ण किंमत. श्रीमंत क्लब विकत घेईल पण जुनं करू शकणार नाही, जुनं व्हायला वर्षंच लागतात.

पाहुणा रायडर बंद. कुणी जखमी झाला तर क्लबच्या नावावर असलेला आठवा-नववा पोरगा येऊ दे, मग तो चार हीटमध्ये शून्य आणू दे. प्रीमियरशिपमध्ये रायझिंग स्टार म्हणून एक जागा तरुणासाठी ठेवलीय ते चांगलंच, ती एकाची दोन करा. आम्ही शून्य आणणाऱ्या आपल्या पोरासाठी ओरडू, आठ पॉइंट आणणाऱ्या पाहुण्यासाठी नाही.

जागेबद्दल वहिनींचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ऑक्सफर्डला २००७ नंतर स्पीडवे नव्हतं, २०१२ ला स्टेडियमही बंद झालं, २०२२ ला परत स्पीडवे सुरू झालं, मधली कित्येक वर्षं लोकांनी ती जागा बिल्डरला मिळू नये म्हणून कागद लढवले. पण मला असं वाटतं की कौन्सिलच्या मीटिंगला इतकी वर्षं कोण जातं? ज्याची टीम असते तो.

ब्लॅकबर्ड_रोडचे_काका

आमच्या वेळी ८३ ला मीटिंगला गेलो असतो तर, असं अजून वाटतं. आम्हाला वाटलं कोणीतरी जाईल.

इप्सविच_विच

काका, लेस्टरला २०११ ला परत ट्रॅक झाला ना. २८ वर्षांनी का होईना.

ब्लॅकबर्ड_रोडचे_काका

झाला. पहिल्या सीझनला मुलाने नेलं. वळणापाशी उभं राहिलो, चष्म्यावर खडी आली. मुलगा म्हणाला बाबा मागे या. मी म्हटलं गप रे.

टीकाकार_नं_१

ठीक आहे, सलाईन चालू ठेवा.

पेठेतला_पाहुणा

जूनमध्ये कंपनीच्या कामाने बर्मिंगहॅमला येतोय, दोन आठवडे. गुरुवारी लेस्टरला आलो तर मॅच बघायला मिळेल का? कुठे उभं राहायचं, काय आणायचं?

लेस्टरकर

या या! फिक्स्चर बघून कळवतो, स्टेशनवरून मी घेईन. पहिल्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू, तिथेच सगळं ठरतं. पांढरा शर्ट घालू नका. जून असला तरी जॅकेट आणा, आठनंतर गार होतं. आणि कोक घेतलात तर झाकणाचा घ्या.

गोर्टनची_वहिनी

आणि येताना बाकरवडी. दोन पाकिटं, एक मँचेस्टरला पोचली पाहिजे.

पेठेतला_पाहुणा

दुकान एक ते चार बंद असतं, सकाळीच जाऊन घेतो.

लेस्टरकर

फिक्स्चर आलं. गुरुवार, साडेसात, घरची मॅच. पावसाचं मात्र सांगता येत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ट्रॅकवर (नाव नाही घेत) दीड तास गाडी चालवून पोचलो तेव्हा गेटवर कळलं की शर्यती दुपारीच रद्द केल्यात. पोलंडमध्ये ट्रॅकवर ताडपत्री अंथरतात म्हणे?

व्रोत्सवाफवासी

हो, अख्ख्या ट्रॅकवर. एक्स्त्रालिगात बंधनकारक आहे.

इप्सविच_विच

आमच्याकडे मागितली होती. म्हणाले पुढच्या वर्षी.

ब्लॅकबर्ड_रोडचे_काका

गुरुवारी मीही येतो. मला पण स्टेशनवरून घ्या, मुलगा सुट्टीवर आहे.